गट पाडले, पण काम वाटलं का?

आमच्याकडे गटकार्य होतं, असं गोव्यातलं जवळजवळ प्रत्येक हायस्कूल सांगेल, आणि ते खोटं नसेल. पाच-सहा मुलांचे गट पाडले जातात, विषय दिला जातो, पंधरा दिवसांनी रंगीत चार्टपेपर, थर्माकोलची प्रतिकृती किंवा स्पायरल बाइंडिंग केलेली वही वर्गात येते. गटातल्या सगळ्यांना सारखे गुण मिळतात. पण हे काम नेमकं कोणी केलं, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: जिचं अक्षर चांगलं त्या मुलीने, आणि रात्री जागून तिच्या आईवडिलांनी. बाकीच्यांनी कागदाचे पैसे दिले. त्या पंधरा दिवसांत ती मुलगी सहकार्य शिकली नाही, बाकीचे विषय शिकले नाहीत, आणि सगळ्यांना मिळून कळलं ते इतकंच, की गटात काम न करताही गुण मिळतात.

हे मी रागाने लिहीत नाही, काळजीने लिहिते आहे. कारण सहकार्यातून शिकणं या गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि तिचं असं नुसतं नाव उरलेलं पाहवत नाही. गोव्याने २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२३-२४ मध्ये पायाभूत स्तरापासून सुरू केली. तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक परिपत्रकात एकविसाव्या शतकातली कौशल्यं येतात: संवाद, सहकार्य, चिकित्सक विचार, सर्जनशीलता. शब्द बरोबर आहेत. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात पाळी बदलताना यंत्राची स्थिती पुढच्या माणसाला नीट सांगावी लागते. जहाजावर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, इस्पितळाच्या वॉर्डात, आमची मुलं जिथे जिथे नोकरीला लागतात तिथे एकट्याने हुशार असून भागत नाही. दुसऱ्याचं ऐकणं, आपलं म्हणणं त्याला कळेल अशा भाषेत मांडणं, मतभेद झाला तरी काम पुढे नेणं हे तिथे रोज लागतं. ते शिकवायचं कुठे? शाळेतच. पण बाकं समोरासमोर फिरवल्याने ते येत नाही. ज्या कामात प्रत्येक मुलावाचून गटाचं अडत नाही, ते काम गटात देऊच नये, एवढं एकच सूत्र पाळलं तरी आपल्या वर्गांचं रूप बदलेल असं मला वाटतं.

हे सूत्र माझं नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गांत रोज भांडणं होत होती. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक साधी युक्ती केली. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कोणाकडेच नाही. परीक्षा मात्र सगळ्यांची, सगळ्या धड्यावर. म्हणजे ज्याची कालपर्यंत टर उडवली त्याचं आज लक्ष देऊन ऐकावंच लागतं, कारण त्याच्याकडचा तुकडा दुसऱ्या कोणाकडे नाही. एकमेकांशी चांगलं वागा असं कोणी त्या मुलांना सांगत बसलं नाही. कामाची रचनाच अशी होती की वागणं बदलावं लागलं. या पद्धतीला जिगसॉ म्हणतात.

आता हीच रचना चोडण किंवा दिवाडीच्या शाळेत कशी दिसेल ते पाहा. विषय खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनीतली शेती. चार मुलांचा गट, चार कागद. एकाकडे बांध: तो चिखल, दगड आणि पेंढ्याचा कसा रचतात, बाहेरची खारफुटी त्याला लाटांपासून कशी वाचवते. दुसऱ्या मुलीकडे मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार: भरतीचं पाणी चढलं की तिची लाकडी दारं आपोआप का मिटतात आणि ओहोटीला का उघडतात. तिसऱ्याकडे भात: कोरगुटसारखं खारं सोसणारं बियाणं, आणि पावसाचं गोडं पाणी जमिनीतला खार कसा धुऊन काढतं. चौथीकडे मासळी: मानशीच्या आत कोणते मासे येतात, ते पकडायचा हक्क लिलावाने कसा दिला जातो. आधी सगळ्या गटांतली बांधवाली मुलं एकत्र बसतात, मानसवाली एकत्र, आणि आपापला भाग पक्का करतात. मग मूळ गटात परत येऊन एकमेकांना शिकवतात. त्यानंतर बाई प्रश्न टाकतात: मासळीचा लिलाव घेतलेल्याला मानशीची दारं जास्त वेळ उघडी हवी आहेत, भातवाल्याला ती वेळेवर मिटलेली हवी आहेत, तर गावाने काय ठरवावं?

या प्रश्नाचं उत्तर गाइडात नाही. खारं पाणी आत शिरलं तर पुढची काही पिकं जातात हे भातवाल्या मुलाला माहीत आहे, पण मानशीचं दार कसं चालतं हे त्याला मानसवाल्या मुलीकडूनच समजून घ्यावं लागतं. त्यांच्या वादातून जे निघतं तो भूगोल आहे, विज्ञान आहे, अर्थशास्त्र आहे, आणि गावच्या कारभाराचं नागरिकशास्त्रही आहे. डोंगराळ सत्तरी तालुक्यातल्या शाळेत खाजन नाही, पण कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बागायत, आहे. वरच्या कुळागरातून खालच्यात जाणाऱ्या पाटाच्या पाण्याची वाटणी हाही तेवढाच कसदार प्रश्न होईल. शेवटी बाई मासळीवाल्या मुलीला उठवून भाताबद्दल विचारतात. हा शेवटचा भाग कधी गाळू नये. शिक्षणसंशोधक रॉबर्ट स्लाविन यांनी सहकारी अध्ययनावरच्या अनेक अभ्यासांची छाननी करून जो निष्कर्ष काढला तो नेमका हाच आहे: गटाचं ध्येय एक हवं आणि जबाबदारी प्रत्येकाची स्वतंत्रपणे तपासली जायला हवी. दोन्हींपैकी एक काढलं की परिणाम विरघळतो.

आपल्याकडे पहिलं असतं, दुसरं नसतं.

हुशार मुलांच्या पालकांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. माझी मुलगी शाळेत शिकायला जाते, दुसऱ्यांना शिकवायला नाही, असं ते म्हणतात. चार्टपेपरच्या गटकार्यात त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिथे हुशार मुलीची पिळवणूकच होते. पण काम नीट वाटलेलं असेल तर गणित उलटं होतं. नोरीन वेब या संशोधिकेने गटात बसलेल्या मुलांचं बोलणं बारकाईने तपासलं. जी मुलं दुसऱ्याला कारणांसकट समजावून सांगतात त्यांचं स्वतःचं शिकणं वाढतं, असं तिला दिसलं. ज्यांना नुसतं उत्तर सांगितलं जातं त्यांच्या पदरात फारसं काही पडत नाही. म्हणून मुलांना मदत कशी करायची हेही शिकवावं लागतं. मित्राला उत्तर सांगू नकोस, तू पहिली पायरी का घेतलीस ते सांग, ही सूचना पाचवीतल्या मुलालाही कळते. मागणाऱ्यालाही शिकवावं लागतं की नुसतं जमत नाही म्हणू नकोस, कुठे अडलं ते दाखव. ही दोन वाक्यं वर्षभर सांगत राहिलं तर वर्गातली भाषा बदलते हे मी पाहिलं आहे.

गटात सगळ्यांचा आवाज सारखा नसतो, ही गोष्ट मात्र शिक्षकांनी डोळे उघडे ठेवून पाहायला हवी. समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी याच विषयावर मोठं काम केलं. वर्गात ज्याला हुशार समजतात तो गटात जास्त बोलतो, जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतो आणि आणखी हुशार ठरतो. गप्प मूल आणखी गप्प होतं. गोव्यातल्या वर्गात हे कसं दिसतं? मुली लिहितात, मुलगे समोर जाऊन बोलतात. वास्तविक २०१५ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जेव्हा मिळून समस्या सोडवण्याचं कौशल्य तपासलं गेलं, तेव्हा भाग घेतलेल्या प्रत्येक देशात मुली मुलांपेक्षा पुढे होत्या. भारत त्या वेळी चाचणीत नव्हता, पण आपल्या मुली त्याला अपवाद असतील असं मानायला मला काही कारण दिसत नाही. आणि आपण त्यांच्या हातात स्केचपेन देऊन त्यांना मथळे रंगवायला बसवतो. भूमिका दर वेळी फिरवल्या पाहिजेत: आज जिने लिहिलं ती उद्या बोलेल, आज जो बोलला तो उद्या वेळ सांभाळेल आणि सगळ्यांना बोलायला मिळालं का ते पाहील.

दुसरी भिंत भाषेची आहे, आणि इथे मराठीप्रेमी वाचकांशी मला मोकळेपणाने बोलायचं आहे. मराठी माध्यमाच्या आपल्या प्राथमिक शाळांतली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात. कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांतल्या मुलांच्या घरी कन्नड असते, हिंदी असते. ही मुलं शाळेत येतात आणि शुद्ध मराठीत बोल म्हटल्यावर बोलेनाशी होतात. गप्प बसणाऱ्या मुलाला गटकार्याचा काय उपयोग? गटात चर्चा कुठल्याही भाषेत होऊ द्या. कोकणीत भांडू द्या, हिंदीत समजावू द्या. शेवटी गटाने जे ठरवलं ते मात्र मराठीत लिहायचं आणि मराठीत मांडायचं. याने मराठीचं नुकसान होत नाही. उलट मुलाला आधी सांगण्यासारखं काही सापडतं आणि मग ते मराठीत सांगण्यासाठी तो शब्द शोधतो, शेजाऱ्याला विचारतो. भाषा अशीच अंगी लागते. प्राथमिक शिक्षणाचं माध्यम कोणतं असावं या प्रश्नावर २०११ पासून आपण जेवढी आंदोलनं पाहिली, जेवढी भाषणं ऐकली, त्यात वर्गातलं मूल दिवसातून किती वाक्यं स्वतःहून बोलतं हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. माध्यम कुठलंही असो, मूल दिवसभर ऐकत आणि फळ्यावरचं उतरवतच बसलं तर ती भाषा त्याची होणार नाही.

गोव्याला मिळून काम करणं नवीन नाही. गावच्या जत्रेतलं, काल्यातलं मराठी नाटक आठवा. दिवसभर बँकेत, बागायतीत, बसवर काम करणारी माणसं रात्री देवळाच्या मंडपात तालमीला जमतात. कोणी गातो, कोणी ऑर्गनवर बसतो, कोणी प्रॉम्प्टिंग करतो, कोणी पडदा ओढतो, कोणी रंगभूषा करतो. पडदा ओढणारा चुकला तर नायकाची एंट्री फसते, म्हणून त्याचाही मान असतो. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, प्रत्येकावाचून अडतं, आणि कोण कमी पडला हे सगळ्या गावाला दिसतं. स्लाविन यांनी छाननी करून सांगितलेल्या दोन्ही अटी आपल्या गावच्या नाटकमंडळाने केव्हापासून पाळलेल्या आहेत. असल्या घरांतून येणाऱ्या मुलाला वर्गात हाताची घडी घालून बसवायचं आणि मग सहकार्याचं प्रशिक्षण बाहेरून आणायचं, याची मला खंत वाटते.

नव्या तंत्रज्ञानाचंही तेच. सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आणण्याची गोवा सरकारची योजना स्तुत्य आहे. तिच्यामुळे खेड्यातल्या मुलाच्याही हाती सेन्सर आणि मोटर आली. पण संगणकाच्या खोलीत एका यंत्रापाशी तीन मुलं बसली की एक कळफलकावर आणि दोन प्रेक्षक, हे चित्र ठरलेलं. सॉफ्टवेअर कंपन्यांत दोघांनी एका यंत्रावर काम करायची एक रुळलेली पद्धत आहे: एक लिहितो, दुसरा पुढचा विचार करतो, चुका दाखवतो आणि प्रश्न विचारतो, ठरलेल्या वेळाने जागा बदलतात. दहा मिनिटांनी घंटी वाजवून जागा बदलायला काहीही खर्च येत नाही. एआयच्या काळात तर याची गरज दुप्पट आहे. घरी करून आणायचा प्रकल्प आता मोबाइलवर दोन मिनिटांत तयार होतो, चित्रांसकट. वर्गात शेजाऱ्याला मानस कशी चालते हे समजावताना मात्र स्वतःलाच बोलावं लागतं.

गोव्यातल्या लहान सरकारी प्राथमिक शाळांबद्दल थोडं थांबून लिहिलं पाहिजे. पहिली ते चौथीची मूठभर मुलं एका खोलीत आणि शिक्षिका एक, अशा कितीतरी शाळा आपल्या वाड्यांवर आहेत. अशा खोलीत इयत्तेनुसार आळीपाळीने शिकवायला गेलं तर प्रत्येक मूल दिवसाचा मोठा भाग नुसतं वाट पाहत घालवतं. तिथे मिश्र वयाचे गट हाच शहाणपणाचा मार्ग आहे. शेजारच्या कर्नाटकात १९९५ मध्ये एच. डी. कोटे तालुक्यात नली-कली ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली ती अशाच शाळांसाठी. कोलंबियात एस्कुएला नुएवा १९७० च्या दशकापासून खेड्यातल्या बहुवर्ग शाळांत हेच करते. दोन्हीकडे मुलांसाठी टप्प्याटप्प्याची कार्डं आहेत, कोणाला कधी एकट्याने, कधी मोठ्या मुलाबरोबर, कधी बाईंबरोबर बसायचं हे ठरलेलं आहे. आपल्या शिक्षिकेला मात्र प्रत्येक इयत्तेचं वेगळं पुस्तक, वेगळं वेळापत्रक आणि वेगळी नोंदवही मिळते.

पण इथेच एक धोका आहे. मुलांनी मुलांना शिकवायचं ही कल्पना आपल्याच देशातून इंग्लंडला गेली. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासमधल्या एका अनाथाश्रमाचा प्रमुख होता. स्थानिक शाळेत मुलं वाळूवर अक्षरं गिरवत एकमेकांना शिकवताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या आश्रमात आणली. १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये तिचं काय झालं? एक मास्तर, शेकडो मुलं, आणि मोठ्या मुलांनी लहानांकडून पाठ घोकून घ्यायचे. पगार वाचवण्याचं ते साधन झालं. म्हणून स्पष्ट सांगते: मुलं एकमेकांकडून शिकतात, हे शिक्षक कमी करण्याचं कारण होता कामा नये. अशा वर्गात शिक्षकाचं काम कमी होत नाही, वाढतं. काम कसं वाटायचं हे आदल्या दिवशी ठरवावं लागतं, पाच गटांत फिरून ऐकावं लागतं, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं हे क्षणात ठरवावं लागतं. मतदारयाद्यांची कामं, ऑनलाइन माहिती भरणं आणि माध्यान्ह आहाराच्या नोंदी सांभाळून हे करणाऱ्या शिक्षिकेला दुसरा जोडीदार हवा, आणि तो नेमणं हे शिक्षण खात्याचं काम आहे.

सगळंच गटात शिकवा असंही माझं म्हणणं नाही. वाचायला शिकणं, पाढे पक्के करणं, पुस्तकात डोकं घालून शांत बसणं याला एकांत लागतो, आणि काही मुलांना तो इतरांपेक्षा जास्त लागतो. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात जी रीत वापरत आले तिच्यात या एकांताला जागा आहे: प्रश्न विचारला की आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. अभ्यासक्रम संपणार कसा, अशी भीती दहावीच्या शिक्षकांना वाटते ती मला समजते. त्यांच्यासाठी ही रीत सोयीची आहे. एका तासाला एक प्रश्न, सात-आठ मिनिटं. एवढा वेळ उजळणीतूनही निघतो.

गाठ शेवटी गुणांशी आहे. शाळा तेच करते ज्याला गुण आहेत. नव्या धोरणातल्या सर्वांगीण प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. ते रकाने भरण्यापुरते राहू नयेत असं वाटत असेल तर पर्वरीच्या शालान्त मंडळाने आणि एससीईआरटीने, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. घरी करून आणलेल्या प्रकल्पाला अंतर्गत गुण नकोत. प्रकल्प वर्गात, जोडतासाला व्हावा. गुणांचा मोठा वाटा गटातल्या चिठ्ठी टाकून निवडलेल्या मुलाच्या तोंडी उत्तरावर असावा, म्हणजे प्रत्येकाला सगळं समजावून देणं गटाच्याच हिताचं ठरेल. शिक्षकांची प्रशिक्षणं दिवसभराच्या स्लाइड्सनी होऊ नयेत. एका तालुक्यातल्या त्याच विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून खाजन, कुळागर, खाण, मासळीबाजार, पर्यटन यांवर वाटून द्यायची कामं तयार करावीत आणि ती सगळ्या शाळांना खुली असावीत. पेडण्याने केलेलं काम काणकोणला वापरता येईल. भागशिक्षणाधिकारी तपासणीला आले की त्यांनी भिंतीवरचे चार्ट मोजू नयेत, एका गटाशेजारी दहा मिनिटं बसून कोण किती बोलतंय ते टिपून न्यावं. आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत आपण पालकांनी टक्केवारीच्या आधी विचारावं की या सत्रात माझ्या मुलाच्या वाट्याला गटातलं कोणतं काम आलं, आणि ते त्याने वर्गातच केलं ना.